अतिउद्दीपनजन्य तंत्रिकानाश

तंत्रिका कोशिकांना (मज्जापेशींना) उद्दीपित करणाऱ्या रासायनिक द्रव्याची क्रिया प्रमाणाबाहेर वा दीर्घकाळ चालू राहिल्याने त्या कोशिकांना जो मृत्यू येतो, त्यास अतिउद्दीपनजन्य तंत्रिकानाश म्हणतात. मेंदू व मेरुरज्जू यांतील बहुतेक उद्दीपक संदेश ग्लुटामेट या ॲमिनो अम्लामार्फत एका कोशिकेकडून दुसरीकडे पोहोचविले जातात. स्मृती, हालचाल व संवेदना ज्या द्रव्यावर अवलंबून आहेत, तेच द्रव्य संगमस्थानातून वेळीच हटविले न गेल्यास कोशिकेच्या नाशास कारण होते. ही कल्पना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रयोगशाळांतून मांडली गेली. तथापि या प्रकारच्या नाशाचे एक उदाहरण मध्य भारतातील खेड्यांत त्यापूर्वी फार काळ लोकांच्या डोळ्यांसमोर होते. ते म्हणजे लाखेची डाळ दीर्घकाळ खाल्ल्याने होणारा कलायखंज (लॅथिरिझम) हा पांगळेपणाचा रोग होय.

लाख व तिची लागवड : लाख (लाखोळी, खेसरी, मध्य प्रदेशात तिवडा) ही शिंबावंत कुलातील वनस्पती असून तिचे शास्त्रीय नाव लॅथिरस सॅटायव्हस असे आहे. महाराष्ट्रात ती मुख्यतः भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या पूर्व विदर्भातील धानाच्या जिल्ह्यांत पिकते. धान कापणीस येण्यापूर्वी जमिनीत ओल असतानाच उभ्या पिकात तिचे बी फेकतात. तिला वेगळी नांगरट, खत वा पाणी बहुधा द्यावे लागत नाही. पाणथळ जमीन व अवर्षण ही दोन्ही ती सोसते. बियांत प्रथिनांचे प्रमाण २५ ते ३० टक्के असते. इतर पिके बुडाली तरी लाख हाती लागते, म्हणूनच दुष्काळात गरिबांच्या आहारात तिचे प्रमाण वाढते आणि रोगाच्या साथी दुष्काळामागून येतात.

रोगाचा इतिहास : सोळाव्या शतकातील भावमिश्र यांच्या भावप्रकाश या ग्रंथात त्रिपुट या धान्याने लंगडेपणा व पांगळेपणा येतो, असा उल्लेख आहे. यूरोपात वुर्टेम्बर्गच्या ड्यूकने १६७१ मध्ये या धान्याचे पीठ पावात वापरण्यास मनाई केली. विल्यम स्लीमन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात सागर प्रदेशातील हकीकत दिली आहे. तेथे १८२९ मध्ये गारपिटीने, १८३० मध्ये अपुऱ्या पावसाने व १८३१ मध्ये पिकांवरील रोगाने गहू गेला. तिवडा मात्र वाचला व लोकांनी त्यावरच दिवस काढले. १८३३ च्या सुमारास तिशीच्या आतील अनेक स्त्रीपुरुषांचे पाय एकाएकी निकामी झाले. रोगास लॅथिरिझम हे नाव कांतानी या इटालियन वैद्याने १८७३ मध्ये दिले.

या रोगात पायांचे स्नायू ताठरतात, गुडघे एकमेकांवर घासतात व रोगी चवड्यांवर चालू लागतो. पुढे त्याला एक काठी, मग दोन काठ्या लागतात. शेवटी तो हातांवर रेटत सरकतो. बुद्धी व संवेदना सामान्यतः शाबूत राहतात, कारण नाश मुख्यतः मेंदूकडून पायांकडे आज्ञा नेणाऱ्या प्रेरक तंत्रिकांचा होतो. कष्टकरी तरुण पुरुषांत रोगाचे प्रमाण अधिक आढळते. रीवा व सतना या जिल्ह्यांत विसाव्या शतकाच्या मध्यास झालेल्या पाहण्यांत हजारो रोगी आढळले. तेथील वेठबिगार शेतमजुरांना मजुरी म्हणून पुष्कळदा हेच धान्य मिळत असे. त्यामुळे काय खावे ही निवड मजुराच्या हाती नव्हती.

विषद्रव्याचा शोध : १९६४ मध्ये बंगलोर येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स या संस्थेतील एस. एल. एन. राव, पी. आर. अडिगा व पी. एस. शर्मा यांनी लाखेच्या बियांतून एक ॲमिनो अम्ल वेगळे केले. ऑक्झॅलिल-डायअमिनोप्रोपिऑनिक अम्ल हे त्याचे नाव असून ते संक्षेपाने ‘ओडॅप’ म्हणून ओळखले जाते. त्याची रचना ग्लुटामेटशी मिळतीजुळती आहे. १९६६ मध्ये वॉटकिन्स, कर्टिस व बिस्को यांनी ते मेरुरज्जूतील कोशिकांना जोराने उद्दीपित करते, असे दाखविले. म्हणजे ग्लुटामेटसाठी असलेल्या ग्राहींवर हे उपरे द्रव्य बसते व त्यांना चेतवीत राहते.

याच काळात दुसरीकडून त्याच निष्कर्षाकडे वाटचाल चालू होती. ल्यूकस व न्यूहाउस यांनी १९५७ मध्ये उंदरांच्या पिल्लांना सोडियम ग्लुटामेट टोचले असता त्यांच्या दृष्टिपटलाचे आतील थर नष्ट झाले. जॉन ओल्नी यांना १९६९ मध्ये तसाच नाश मेंदूतही आढळला. उद्दीपनाची शक्ती व विषारीपणा ही बरोबरीने चालतात, हे पाहून त्यांनी अतिउद्दीपनाने मृत्यू येतो ही उपपत्ती मांडली. पुढे डेनिस चोई यांनी १९८५ मध्ये, या मृत्यूत कोशिकेत शिरणाऱ्या कॅल्शियमाचा वाटा मोठा असतो, असे दाखविले. मेंदूचा रक्तपुरवठा तुटल्यावर ग्लुटामेट साचून होणारी हानीही याच प्रकारची असल्याचे दिसून आले.

सूत्रकृमीवरील संशोधन : उद्दीपनातून मृत्यू नेमका कोणत्या पायऱ्यांनी येतो, हे सस्तन प्राण्याच्या मेंदूत पाहणे कठीण असते, तेथे कोट्यवधी कोशिका एकमेकींत गुंतलेल्या असतात. त्यासाठी सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स हा मातीत राहणारा, सुमारे १ मिमी. लांबीचा पारदर्शक सूत्रकृमी उपयोगी पडला. सिडनी ब्रेनर यांनी १९७४ मध्ये त्याच्या आनुवंशिकीचा पाया घातला. त्याच्या उभयलिंगी प्रौढात तंत्रिका कोशिका नेमक्या ३०२ असतात व जिवंत कृमीत त्या सूक्ष्मदर्शकातून पाहता येतात.

मार्टिन चॅल्फी व त्यांचे सहकारी यांनी १९९० व १९९१ मध्ये डेग-१ व मेक-४ या जीनांची उत्परिवर्तने अभ्यासली. मेक-४ हा जीन हलका स्पर्श ओळखणाऱ्या सहा कोशिकांतील आयनमार्गाचे प्रथिन तयार करतो. उत्परिवर्तनामुळे हा मार्ग सतत उघडा राहतो, आयन आत लोटतात, कोशिका फुगते व फुटते. शरीराच्या वाढीत ठराविक कोशिका नियोजितपणे मरतात. त्या मृत्यूस लागणारे जीन येथे लागत नाहीत, हेही स्पष्ट झाले. मोनिका ड्रिस्कॉल यांच्या गटाने २००१ मध्ये दाखविले की, कोशिकेतील साठ्यांमधून कॅल्शियम मोकळे होणे थांबविल्यास असा मृत्यू टळू शकतो. २००२ मध्ये प्रथिने तोडणाऱ्या एंझाइमांचा सहभागही उघड झाला. २००९ मध्ये मानो व ड्रिस्कॉल यांनी ग्लुटामेट हटविणारे एक वाहक प्रथिन काढून टाकलेल्या कृमींत ग्लुटामेटजन्य नाश प्रत्यक्ष घडवून आणला. या प्रयोगांवरून दिसते की, अतिउद्दीपित कोशिका बाहेरच्या आघाताने निमूटपणे मरत नाही. तिच्यातीलच यंत्रणा तिचा नाश पुरा करते आणि त्या यंत्रणेच्या काही पायऱ्या अडविता येतात.

प्रतिबंध : मानवी रोगांत हे ज्ञान अद्याप मर्यादित प्रमाणातच उपयोगी पडले आहे. पक्षाघातावर ग्लुटामेटग्राही रोखणारी अनेक औषधे तपासली गेली, पण ती चाचण्यांत अयशस्वी ठरली. कलायखंजात नष्ट झालेल्या कोशिका परत येत नाहीत. त्यामुळे प्रतिबंध हाच खरा उपाय होय. भारतात १९६१ मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत लाखेच्या विक्रीवरील बंदीची तरतूद झाली. मात्र ती लागू करणे राज्यांवर सोपविल्याने अंमल सर्वत्र सारखा झाला नाही. विक्री बंद झाली तरी स्वतःच्या शेतातील लाख शेतकऱ्याच्या घरी शिजतच राहिली. बी गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिल्यास विषद्रव्याचे प्रमाण बरेच घटते. ओडॅप कमी असलेले पुसा-२४, रतन, प्रतीक व महातिवरा हे वाणही तयार करण्यात आले. त्यांपैकी शेवटच्या तिहींबाबत भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेच्या समितीने २०१६ मध्ये अनुकूल मत दिले. मिश्र आहारात थोडी लाख खाणाऱ्यांत हा रोग सहसा दिसत नाही. महिनोन्महिने ती मुख्य अन्न झाली की तो उद्भवतो. यामुळे या रोगाच्या निर्मूलनात सुधारित बियाण्याइतकेच महत्त्व दुष्काळात इतर धान्य सहज मिळण्यास व मजुरीच्या न्याय्य मोबदल्यास आहे.