पंगतीपासून टेबलापर्यंत : महाराष्ट्रातील बाहेरच्या जेवणाच्या रीती

महाराष्ट्रात कुटुंबाने हॉटेलात जाऊन जेवण्याची पद्धत फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत घराबाहेरचे जेवण म्हणजे लग्नमुंजीची पंगत, देवस्थानचा प्रसाद किंवा प्रवासात बरोबर घेतलेली शिदोरी. पैसे मोजून परक्या माणसाच्या हातचे खाणे ही अडचणीची गोष्ट मानली जाई, हौसेची नव्हे. पुढील शंभर वर्षांत ही समजूत बदलली आणि तिच्याबरोबर जेवणाचे शिष्टाचारही बदलले.

पंगतीला स्वतःची काटेकोर शिस्त होती. पानात मीठ वरच्या बाजूला मध्ये, डावीकडे लिंबू, चटणी आणि कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, मध्यभागी वरणभात अशी मांडणी असे. सर्वांची पाने वाढून होईपर्यंत कोणी घास घेत नसे आणि सर्वांचे आटोपल्याशिवाय कोणी उठत नसे. वाढताना एकाला जास्त, दुसऱ्याला कमी असा पंक्तिप्रपंच करणे निंद्य मानले जाई. जेवण उजव्या हातानेच. तो हात खरकटा झालेला असल्याने पाण्याचे भांडे डाव्या हाताने उचलायचे. वाढपी पळीने किंवा डावाने वाढी, पण जेवणाऱ्याचा हात वाढण्याच्या भांड्याला लागता कामा नये. या साऱ्या नियमांच्या मुळाशी उष्ट्याचा विचार होता: एकाच्या तोंडाला किंवा खरकट्या हाताला लागलेले दुसऱ्याच्या पानात जायचे नाही. पंगतीला सामाजिक बाजूही होती. जातीनुसार पंगती वेगळ्या बसत आणि बहुतेक घरांत पुरुषांची जेवणे झाल्यावर बायकांची पाने मांडली जात.

काटा-चमचा भारतात युरोपीय लोकांबरोबर आला, पण तो येताक्षणी रुजला असे नाही. 1583 ते 1588 या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्शॉटेन या डच प्रवाशाने तेथील पोर्तुगीज आणि मिश्र घराण्यांतील स्त्रिया हाताने भात खातात आणि चमचा वापरणाऱ्याला हसतात, असे लिहून ठेवले आहे. म्हणजे सुरुवातीला एतद्देशीय रीतच परकीयांच्या घरात शिरली. खुद्द युरोपातही जेवणाचा काटा तेव्हा सर्वत्र पोहोचला नव्हता. थॉमस कोर्यट या इंग्रज प्रवाशाने 1608 मध्ये इटलीत काटा पाहिला आणि 1611 च्या आपल्या प्रवासवर्णनात त्याची माहिती दिली. मायदेशी काट्याने जेवू लागल्यावर त्याची थट्टा झाली. हाच कोर्यट पुढे पायी प्रवास करत हिंदुस्थानात आला आणि 1617 मध्ये सुरतेत वारला.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी राजवटीबरोबर टेबल, खुर्ची, सुरी-काटा आणि चिनी मातीची बशी या गोष्टी मुंबई-पुण्यात दिसू लागल्या. साहेबी खाण्यात काटा डाव्या हातात आणि सुरी उजव्या हातात धरतात. डाव्या हाताने तोंडात घास घालणे ही कल्पनाच येथील माणसाला रुचणारी नव्हती. शिवाय भात, आमटी, पोळी आणि पातळ भाजी यांना सुरीची गरजच पडत नाही, कारण पदार्थ चिरण्याचे काम विळीवर आधीच झालेले असते. त्यामुळे ही उपकरणे बराच काळ क्लब, बोटी, मोठी हॉटेले आणि संस्थानिकांचे वाडे एवढ्यापुरती राहिली. 1903 मध्ये सुरू झालेल्या ताजमहाल हॉटेलात क्रमाक्रमाने येणारे युरोपीय जेवण मिळे, पण सामान्य मराठी कुटुंबाचा त्याच्याशी संबंध नव्हता.

बाहेरच्या खाण्याला खरा अडसर उपकरणांचा नव्हता, शिवाशिवीचा होता. 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आल्यावर शहरात ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे प्रकरण, उभे राहिले. लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला तोंड द्यावे लागले. एक कप चहा जिथे एवढा महाग पडतो, तिथे कुटुंबाने हॉटेलात जेवायला जाणे दूरच होते.

हा अडसर प्रथम ढिला केला तो पोटापाण्यासाठी शहरात आलेल्या एकट्या पुरुषांनी. मुंबईच्या गिरणगावात कोकण आणि घाटावरून आलेले कामगार महिन्याच्या बोलीने खानावळीत जेवत. अशा खानावळी बहुधा बायका आपल्या राहत्या खोलीत चालवत. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी याच खानावळवाल्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. खानावळीत बसणे जमिनीवर, ताट घरच्यासारखे, खाणे हाताने. बदल एवढाच की शेजारी बसणारा नात्यातला नसे.

इराणी हॉटेलांनी पुढचे पाऊल टाकले. यझ्द आणि केरमान भागांतून आलेल्या इराण्यांनी मुंबईत चहा, ब्रून-मस्का आणि खिमा-पावाची दुकाने थाटली. धोबीतलाव येथील कयानी 1904 पासून, तर बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया 1923 पासून चालू आहे. संगमरवरी टेबल आणि लाकडी खुर्च्या हे त्यांचे वैशिष्ट्य. फडक्याचा एक हात फिरला की टेबल पुढच्या गिऱ्हाइकाला मोकळे होई आणि आधी तेथे कोण बसले होते हे कोणी विचारत नसे. चहा बशीत ओतून पिणे, मस्का-पाव चहात बुडवणे येथे सर्वमान्य होते. काय करू नये हे मात्र भिंतीवरच्या पाट्यांवर लिहिलेले असे. या सूचनांवर निस्सीम इझिकेल यांनी इंग्रजीत कविताही केली.

मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांना ओळखीची वाटली ती स्वच्छ शाकाहारी उपाहारगृहे. दादरचे मामा काणे यांचे उपाहारगृह 1910 मधले, तर पुण्याचे पूना गेस्ट हाउस 1935 मधले. माटुंग्यात 1942 मध्ये ए. रामा नायक यांनी उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग सुरू केले आणि तेथे केळीच्या पानावरचे जेवण टेबलावर आले. अनेक हॉटेलांत बायकामुलांसाठी ‘फॅमिली रूम’ असे. लाकडी आडोसा आणि पडदा यांमुळे घरंदाज स्त्रीला परपुरुषांच्या नजरेआड बसता येई. या खोलीत नवरा, बायको आणि मुले एकाच वेळी, एकाच टेबलावर जेवत. ज्या घरांत बायकांची पंगत शेवटी बसे, त्यांच्यासाठी हा काट्या-चमच्यापेक्षा मोठा बदल होता.

जातीचा अडसर दूर करण्यासाठी कायदा करावा लागला. सार्वजनिक उपाहारगृहांत जातीच्या आधारे प्रवेश नाकारण्यास राज्यघटनेच्या 15 व्या अनुच्छेदाने मनाई केली. 1955 च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने आणखी पुढे जाऊन हॉटेलातील भांडी वापरू न देणे हाही गुन्हा ठरवला. दलितांसाठी वेगळ्या कपबश्या ठेवण्याची प्रथा हे त्यामागचे वास्तव होते.

चमचा घरोघर पोहोचण्यास धातूही कारणीभूत ठरला. पितळेला कल्हई लागते आणि आंबट पदार्थाने ते कळकते. लोखंडी पात्याची चव अन्नाला लागते. 1913 मध्ये शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी न गंजणारे पोलाद तयार केले आणि त्याचा पहिला मोठा उपयोग सुऱ्यांसाठी झाला. स्वातंत्र्यानंतर स्टीलची भांडी भारतात स्वस्त झाली, तसे हॉटेलातले ताट, वाटी आणि चमचा स्टीलचे झाले.

कोणता पदार्थ कशाने खायचा हे गिऱ्हाइकांनी आपल्या सोयीने ठरवले. उडप्याच्या हॉटेलात इडली-वडा-सांबाराबरोबर दोन चमचे येतात. एकाने वडा दाबून धरायचा आणि दुसऱ्याने तोडायचा, म्हणजे काटा-सुरीचे काम भागते. डोसा आणि पोळी हाताने, राइस प्लेटमधला भात हाताने किंवा चमच्याने, पुलाव चमच्याने. काट्याला खरी मागणी आली ती चिनी पदार्थांमुळे. मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वँग यांनी 1975 च्या सुमारास चिकन मांचुरियन बनवले आणि नंतरच्या काळात नूडल्स शहरांतील कुटुंबांच्या ठरलेल्या ऑर्डरीत आल्या. तो काटाही बहुतेक जण उजव्या हातात धरतात आणि डाव्या हातातील चमच्याचा आधार घेतात.

उष्ट्याचा नियम हॉटेलातही टिकून आहे. सर्वांसाठी मागवलेल्या भाजीच्या भांड्यात वाढायचा चमचा वेगळा असतो आणि आपला चमचा त्यात घालणे असभ्य ठरते. पाण्याची बाटली अनेक जण तोंडाला न लावता वरून पितात. हात भरून जेवणाऱ्यांसाठी लिंबाची फोड घातलेले कोमट पाण्याचे वाडगे येते. शेवटी बिलाबरोबर बडीशेप असते.

महाराष्ट्राने काटा-चमचा स्वीकारला तो पदार्थ पाहून. हाताने जेवणे त्यामुळे मागे पडले नाही. हॉटेलच्या टेबलाने पंगतीचे जे नियम खरोखर मोडले ते कोणी कोणाबरोबर आणि कोणाच्या नंतर जेवायचे याविषयीचे होते. या इतिहासातील महत्त्वाचे परिवर्तन तेच.