निर्वासितांची मुले आणि शिक्षणाचा हक्क

निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने स्वाक्षरी केलेली नाही. देशात त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदाही नाही. तरीही त्यांच्या मुलांना शाळेची दारे कायद्याने बंद केलेली नाहीत. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने आलेले अनुच्छेद २१-अ सहा ते चौदा वर्षे वयाच्या सर्व बालकांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाची हमी देते. तेथे ‘नागरिक’ हा शब्द नाही. अनुच्छेद १९ मधील स्वातंत्र्ये मात्र नागरिकांपुरतीच आहेत, हे लक्षात घेता हा शब्दभेद क्षुल्लक ठरत नाही.

१ एप्रिल २०१० पासून अमलात आलेला शिक्षणहक्क कायदा याहून स्पष्ट आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असे कलम १४ सांगते. शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात घेऊन विशेष प्रशिक्षण द्यावे आणि चौदा वर्षे उलटली तरी आठवीपर्यंत मोफत शिकवावे, अशी तरतूद कलम ४ मध्ये आहे. अडते ते प्रवेशाच्या वेळी, आधार कार्ड व रहिवासाचा दाखला मागितला जातो तेथे.

सर्व निर्वासितांचा अनुभव सारखा नाही. तिबेटी मुलांसाठी केंद्र सरकारने १९६१ मध्येच स्वतंत्र शाळा प्रशासन स्थापले. गोवा-बेळगावच्या वाचकांना परिचित असलेल्या मुंडगोडच्या वसाहतीतही त्याची शाळा होती. तिबेटींजवळ सरकारी नोंदणीपत्र असते. रोहिंग्यांजवळ बहुधा संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचे ओळखपत्र असते, पण भारत सरकारच्या लेखी त्याने वास्तव्य कायदेशीर ठरत नाही.

दिल्लीतील रोहिंग्या मुलांच्या प्रवेशाबाबतची जनहित याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये निकाली काढून याचिकाकर्त्यांना केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जाण्यास सांगितले. दुसऱ्या एका याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०२५ रोजी वेगळी वाट दाखवली : मुलांनी आधी सरकारी शाळांत अर्ज करावा, पात्र असूनही प्रवेश नाकारल्यास उच्च न्यायालयात जावे. आदेश दिलासादायक खरा, पण रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाला उच्च न्यायालयाची पायरी चढणे सोपे नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील वंचित गटांच्या यादीत स्थलांतरित समुदाय, अनाथ मुले, शहरी गरीब आहेत. निर्वासितांचा स्वतंत्र उल्लेख नाही. शिवाय शिक्षणहक्क कायदा आठवीपर्यंतच साथ देतो. नववीच्या प्रवेशासाठी अशा मुलांपाशी कलम १४ सारखा आधारही उरत नाही.