रांझ्याचा पाटील, रव्याचे दिव्य आणि ‘निर्दोष’ हा शब्द

१/ २८ जानेवारी १६४६. भोर तालुक्यातील रांझे गावचा मोकदम बावाजी बिन भिकाजी गुजर याच्या प्रकरणातील शिवाजी महाराजांचे पत्र या तारखेचे आहे. आरोप ‘बदअमला’चा. बावाजीला धरून आणले, चौकशी झाली, आरोप खरा ठरला. हातपाय तोडले गेले, पाटीलकी जप्त झाली. पुढे गोतातल्याच सोनजी गुजराने त्याला सांभाळण्यासाठी मागून घेतले आणि पाटीलकी सोनजीकडे गेली.

(स्त्रीवरील अत्याचाराची सर्वश्रुत कथा याच पत्राशी जोडली जाते. पत्रात मात्र बदअमल नेमका कोणता, हे सांगितलेले नाही.)

२/ या पत्रातली शिक्षा सर्वांना ठाऊक असते, चौकशीकडे फारसे कोणी पाहत नाही. आरोप खरा ठरला नसता, तर बावाजी कोण म्हणून घरी परतला असता? निरपराध म्हणून, की अपराध सिद्ध न झालेला म्हणून?

३/ भोरकडचे रोहिडखोरे असो वा वेल्ह्याकडचे गुंजण मावळ, त्या काळी वाद गोतसभेपुढे येत. अग्रवादी आणि पश्चिमवादी आपापले म्हणणे मांडत. कागद, भोगवटा आणि साक्षी तपासल्या जात. निकालाला शब्द दोनच होते : खरा आणि खोटा. खोटा ठरलेला यजितखत लिहून देई, म्हणजे आपण हरलो अशी लेखी कबुली. जिंकणाऱ्याने हरकी भरायची, हरणाऱ्याने गुन्हेगारी. सरकारचे नुकसान कोणत्याही बाजूने होत नसे!

४/ पुराव्याने उलगडा झाला नाही, तर शेवटचा उपाय म्हणून दिव्य. रव्याच्या दिव्यात उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढावा लागे. मग हातावर पिशवी बांधून मोहर करत आणि ठरलेल्या दिवशी सर्वांसमक्ष ती उघडत. हात शाबूत असेल तो खरा. पद्धत भीषण होती, यात वाद नाही. परंतु तीतून पार पडलेल्याला पूर्ण शब्द मिळे. ‘संशय उरला आहे’ असे त्याला पुन्हा कोणी म्हणू शकत नसे.

५/ १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याने दोन नव्हे, तीन अवस्था मानल्या : सिद्ध झालेले, खोटे ठरलेले, आणि या दोहोंपैकी काहीच नसलेले, म्हणजे सिद्ध न झालेले. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही हे त्रिविध वर्गीकरण ठेवले. बहुतेक सुटका या तिसऱ्या दालनातून होते. अपराध निःसंशय सिद्ध करण्याचे ओझे सरकार पक्षावर. ते पेलले नाही की आरोपी सुटतो. त्याने गुन्हा केलाच नाही, असे सांगण्याचे बंधन न्यायालयावर नसते. (स्कॉटलंडमध्ये तर ‘नॉट प्रूव्हन’ हा स्वतंत्र निकालच शतकानुशतके होता.)

६/ मराठी वृत्तपत्रे मात्र प्रत्येक सुटकेला ‘निर्दोष मुक्तता’ म्हणतात. हा शब्द कायद्यापेक्षा गोतसभेच्या अधिक जवळचा आहे. न्यायालयाने दिलेले असते ‘सिद्ध झाले नाही’. वाचकाच्या हाती पडते ‘खरा’. आरोपीच्या दृष्टीने ही चूक सुखाची आहे, पण ती फार काळ टिकत नाही.

७/ कारण कागद पुढे दुसऱ्याच्या टेबलावर जातो. २०१२ मध्ये तामिळनाडूतील एका पोलिसाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. साक्षीदार फिरल्याने तो फौजदारी खटल्यातून सुटला होता. तरीही त्याची बडतर्फी न्यायालयाने कायम ठेवली. ‘सन्मानपूर्वक सुटका’ ही संज्ञा फौजदारी प्रक्रिया संहितेत नाही, हेही तेव्हा नोंदवले गेले. २०१६ च्या अवतार सिंग निकालाने नोकरी देणाऱ्याला एक मुभा दिली : गंभीर गुन्ह्यातील सुटका तांत्रिक कारणाने झाली असेल आणि ती निर्विवाद नसेल, तर उमेदवाराचा पूर्वेतिहास विचारात घेता येतो.

८/ म्हणजे आज भोर-वेल्ह्याचा एखादा तरुण अशा खटल्यातून सुटून पोलीस भरतीला गेला, तर चारित्र्य पडताळणी करणारा अधिकारी बातमीतला ‘निर्दोष’ वाचत नाही. तो निकालपत्राचे शेवटचे परिच्छेद उघडतो आणि ‘संशयाचा फायदा’ हे दोन शब्द शोधतो. हात तेलात घालावा लागला नाही, हे खरे. पण हातावरची पिशवीही कोणी सर्वांसमक्ष उघडून दाखवलेली नसते.