नारायणगडाच्या माळापासून खडकीपर्यंत: शिकारी काडतुसाचा मागोवा

बीडजवळ बालाघाटच्या डोंगररांगेत नगद नारायण महाराजांचे संस्थान असलेला नारायणगड आहे. भोवतीच्या माळाने शिकारीचे सगळे जमाने पाहिले. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा होता आणि शिकार हा दरबाराचा, जहागीरदारांचा मान होता. आज याच जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्य आहे. बंदूक कोणाच्या हाती होती, याच्या आठवणी गावोगाव निघतात. तिच्यात कोणते काडतूस भरले जाई आणि ते कोणी ठरवले, हे मात्र क्वचितच विचारले जाते. मला तोच प्रश्न महत्त्वाचा वाटतो.

आधी ठासणीची बंदूक होती. दारू ओतायची, गोळी सारायची, गजाने ठासायची, टोपी चढवायची. किती दारू घालायची हे बार भरणारा स्वतः ठरवी. कागदी काडतूस आले तेव्हा दारूचे माप कारखान्याकडे गेले. एनफिल्ड रायफलीच्या अशाच काडतुसाला लावलेल्या चरबीवरून १८५७ मध्ये काय पेटले ते आपण शाळेतच शिकतो. त्यानंतर हिंदुस्थानात काडतूस ही केवळ शिकारीची वस्तू राहिली नाही, सरकार तिच्याकडे धास्तीने पाहू लागले. १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला आणि १८७८ च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश मुलखात बंदुकीला परवान्याची अट घातली.

पुढची उडी बिनधुराच्या दारूची. १८९८ मध्ये लंडनच्या रिग्बीने ४५० नायट्रो एक्स्प्रेस हे काडतूस आणले. ४८० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे २१५० फुटांच्या वेगाने सुटे. रानगवा किंवा हत्ती समोर असेल तर पूर्ण धातूच्या कवचाची टणक गोळी भरायची, म्हणजे ती जाड हाडातून आरपार जाते. वाघ-बिबट्यासाठी मऊ टोकाची गोळी, कारण ती अंगात शिरताच फुलते आणि जनावर लवकर मरते. कलकत्त्याजवळच्या डमडम शस्त्रागारात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी हेच तत्त्व माणसांवरील लढाईसाठी वापरले. १८९९ च्या हेग परिषदेत अशा फुलणाऱ्या गोळ्यांना युद्धात मनाई करण्यात आली. शिकारीत त्या टिकल्या, आणि टिकल्या ते योग्यच झाले. जनावर मारायचेच असेल तर त्याला जखमी करून रानात तडफडत सोडणे हे सर्वांत मोठे पाप आहे.

४५० चे राज्य हिंदुस्थानात फार काळ चालले नाही. वायव्य सरहद्दीवर आणि इतरत्र जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली सरकारविरोधी हातांत गेल्या होत्या. त्यांचीही गोळी ४५० मापाची. शिकारी काडतुसांतल्या गोळ्या काढून त्यांत वापरल्या जातील या भीतीने १९०५ ते १९०७ च्या सुमारास सरकारने ४५० बोर, म्हणजे नळीचे ते माप, बंद केला. लष्कराच्या ३०३ लाही नागरिकांसाठी बंदी होती. मग विलायतेतल्या बंदूककारांनी माप बदलले. १९०७ च्या सुमारास ४७० आणि ५००/४६५ अशी काडतुसे बाजारात आली. कुमाऊंच्या नरभक्षकांमागे फिरणाऱ्या जिम कॉर्बेट यांची मोठी रायफल ४५०/४०० होती. नावात ४५० असले तरी तिची गोळी प्रत्यक्षात ०.४१० इंचांची, म्हणून ती बंदीतून सुटली. जगभरचे शिकारी आजही ४७० ची वाखाणणी करतात, पण त्या काडतुसाचा जन्म हिंदुस्थानातल्या एका सरकारी भीतीतून झाला.

अमेरिकेतही कारखान्याच्या काडतुसावर भूतकाळाचाच हुकूम चालतो. तिथल्या तरफ ओढून बार भरणाऱ्या मोठ्या रायफलींचे लाडके काडतूस म्हणजे ४५-७०. ते १८७३ मध्ये अमेरिकी सैन्याने स्वीकारले: ०.४५ इंचांची गोळी आणि ७० ग्रेन काळी दारू. तेव्हाच्या स्प्रिंगफिल्ड रायफली आजही कोणाकोणाकडे आहेत आणि जास्त दाब त्यांना सोसत नाही. म्हणून बरेच कारखाने ४०५ ग्रेनची गोळी भरून काडतूस मुद्दाम सौम्य ठेवतात. तरफेच्या रायफलींच्या नळीसारख्या मॅगझिनमध्ये काडतुसे एकामागे एक बसतात. मागच्या गोळीचे टोकदार नाक पुढच्या काडतुसाच्या टोपीवर टेकले तर धक्क्याने बार उडू शकतो. म्हणून चपट्या नाकाची गोळी घ्यायची, किंवा २००६ च्या सुमारास आलेली मऊ रबरी टोकाची.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला, पण ब्रिटिशांची भीती त्यातही उतरली. ३०३ आजही प्रतिबंधित बोर आहे. म्हणून परवानाधारकाला ३१५ मिळते. हे मूळचे ऑस्ट्रियाच्या सैन्याचे आठ मिलिमीटरचे काडतूस. ते इथल्या लष्कराच्या रायफलींत बसत नव्हते, म्हणूनच नागरिकांना देण्याजोगे ठरले. इशापूरच्या कारखान्याने त्यासाठी रायफल बनवली. खडकीने २४४ ग्रेनच्या मऊ टोकाच्या गोळीचे काडतूस आणि बाराबोरसाठी शक्तिमान एक्स्प्रेस दिले. मराठवाड्यातल्या परवानाधारकाला निवड म्हणून जवळपास एवढेच उरले: ३१५ ची एक गोळी, किंवा बाराबोरचे एलजी, एसजी हे मोठे छर्रे आणि लहान छर्रे.

मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि हौसेची शिकार हळूहळू संपली. माझ्या मते या देशाने जंगलासाठी केलेले ते सर्वांत मोठे काम आहे. तरी काडतुसाचा प्रश्न मिटला नाही. २०२० मध्ये बीडच्या आष्टी तालुक्यात माणसांवर हल्ले करणारा बिबट्या डिसेंबरमध्ये शेजारच्या करमाळा तालुक्यात वनविभागाच्या आदेशाने गोळी घालून मारावा लागला. अशा वेळी कोणती गोळी, किती अंतरावरून, हा जिवाचा प्रश्न असतो. जखमी बिबट्या गावासाठी आधीपेक्षा जास्त धोक्याचा. रानडुकरावर लांबून झाडलेल्या छऱ्यांचेही तसेच: डुक्कर जखम घेऊन पळते, आणि पिकाचे नुकसानही थांबत नाही.

मग परवाना कोणाला, हा पुढचा प्रश्न: बीड जिल्ह्यात हजाराहून अधिक शस्त्र परवाने होते. डिसेंबर २०२४ मध्ये जिल्ह्यातल्या मस्साजोग गावच्या सरपंचांची हत्या झाल्यावर या परवान्यांची छाननी सुरू झाली आणि काही रद्द झाले. कमरेला लावून मिरवण्याचे शस्त्र आणि पीक राखण्याचे शस्त्र यांतला फरक प्रशासनाने पाहायलाच हवा. ब्रिटिशांनी बोर ठरवला तो राजवट वाचवण्यासाठी. लोकांच्या सरकारने परवाना देताना दोनच गोष्टी पाहाव्यात: त्या काडतुसाची खरी गरज कोणाला आहे, आणि समोरच्या जनावराला ते एका गोळीत शांत करील का. या दोन्हींचे उत्तर नीट मिळत नसेल तर परवाना देऊ नये.