गोंगाट कुणाचा?

परवा ताईचा फोन आला. भाचा परदेशातल्या शाळेत आहे. त्याच्या प्रगतिपुस्तकात बाईंनी 'बॉइस्टरस' असा शेरा मारलाय. "हे कौतुक की तक्रार रे?" मी म्हटलं, "ताई, निम्मं-निम्मं. दंगेखोर आहे, पण मनात खोट नाही. 'राउडी' लिहिलं असतं तर काळजी!"

फोन ठेवला आणि दंगा करणाऱ्यांसाठी इंग्रजीत असलेले इतर शब्द चाळत बसलो. एकेकाचा इतिहास बघितला आणि हसू मावळलं.

गलका झाला की इंग्रज माणूस 'बेडलम' म्हणतो. हा मूळचा बेथलेहेम. १२४७ साली लंडनमध्ये त्या नावाचा एक मठ निघाला, पुढे तिथे मनोरुग्णांना ठेवू लागले. बेथलेहेमचं बोलीत बेडलम झालं. अठराव्या शतकात लोक चक्क करमणूक म्हणून तिथले रुग्ण बघायला जात. १७७० मध्ये त्यावर निर्बंध आले. पण त्या वेदनेचा आवाज भाषेत राहिला, नुसता गोंगाट म्हणून.

'हूलिगन' हा शब्द १८९८ च्या उन्हाळ्यात लंडनच्या वर्तमानपत्रांत गाजला. रस्त्यावर मारामाऱ्या करणाऱ्या पोरांसाठी. एका आयरिश आडनावावरून तो आला, असं सहसा मानतात. म्हणजे दंगा लंडनच्या पोरांचा, आणि नाव लागलं आयरिश माणसाचं!

तिसरा शब्द तर आपल्याकडचाच. मोहरमच्या मिरवणुकीत छाती पिटत "या हसन! या हुसेन!" असा आक्रोश चाले. इंग्रज सोजिरांच्या कानांनी त्याचं 'हॉब्सन-जॉब्सन' केलं. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या प्रसिद्ध कोशाला हेच नाव आहे, आणि त्यात या शब्दाचा अर्थ साधारण 'नेटिवांचा उत्सवी जल्लोष' असा दिलाय. ६८० साली करबलात मारल्या गेलेल्या हुसेनचा शोक, आणि ऐकणाऱ्याला वाटला जल्लोष!

इंग्रजांना नावं ठेवणार होतो, तेवढ्यात आपला 'गोंधळ' आठवला. संबळ-तुणतुण्याच्या साथीने, दिवटी पेटवून रात्रभर चालणारा देवीचा जागर. आमच्याही घरी लग्नानंतर घातला होता. आणि तरी आपण पोरांवर ओरडतो, "गोंधळ घालू नका!" गोंधळी समाजाच्या मुलाला वर्गात हे ऐकताना काय वाटत असेल, हा विचार मला आजवर शिवला नव्हता.

हे सगळे शब्द ऐकणाऱ्यांनी ठरवलेले. ओरडणाऱ्याला काय म्हणायचं होतं, ते कुणी विचारलंच नाही.

असो. रात्री ताईला परत फोन केला. म्हटलं, "शेरा राहू दे बाजूला. पोरगा एवढ्या मोठ्याने काय सांगतोय, ते आधी विचार."