घरच्या गाडीचे पासिंग

यंदा दसऱ्याला सोने द्यावयास माझा एक जुना विद्यार्थी आला. नमस्कार झाला, चहा झाला, तरी उठेना. अखेर म्हणाला, "गुरुजी, गाडी होत आली. पासिंगचा अर्ज तेवढा लिहून द्या." आमच्या शेंद्र्यात त्याच्या अंगणात दोन वर्षे लोखंडी नळ्या आणि जुने इंजिन यांची खटपट चालली होती, ती मोटारच होती तर! अर्ज लिहिणे हे मास्तराचे कामच. पण लिहावयास बसलो, आणि इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्ण्यांची आठवण झाली.

शंकररावांचे शिक्षण सातवीपर्यंतचे. 1945 मध्ये त्यांनी सामान्य माणसाला परवडेल अशा छोट्या मोटारीचा ध्यास घेतला आणि 1949 मध्ये पहिला नमुना तयार केला. हीच पुढे 'मीरा' म्हणून ओळखली गेली. तीत स्प्रिंगांच्या जागी रबर होते. त्या काळी 1939 चा मोटार कायदा होता. गाडी समोर आणून उभी करा, असे नोंदणी अधिकारी सांगू शके. एका गाडीचा निवाडा एका माणसाच्या नजरेने होई. 'मीरा'च्या नमुन्यांना रीतसर नंबर मिळाले. 1975 च्या सुमारास तिची किंमत 12,000 रुपये सांगितली जाई. कारखाना मात्र उभा राहिला नाही.

1 जुलै 1989 पासून नवा कायदा लागू झाला आणि केंद्रीय नियमही आले. त्यांतल्या 126 व्या नियमाने गाडीच्या पहिल्या नमुन्याची चाचणी मान्य संस्थेत होऊ लागली. पुण्याची ए.आर.ए.आय. आणि आपल्या शेजारच्या अहिल्यानगरची व्ही.आर.डी.ई. या त्यांपैकीच. शिवाय 'नमुना 22' नावाचे एक प्रमाणपत्र असते. गाडी रस्त्यावर आणण्यायोग्य आहे, अशी सही त्यावर ती बनवणाराने करावयाची.

येथून हाकेच्या अंतरावर 2001 पासून स्कोडाच्या मोटारी जोडल्या जात आहेत. कारखान्याचा एक नमुना पास झाला, की त्याच्या मागून हजारो गाड्या निघतात. चाचणीचा खर्च त्या सर्वांवर वाटला जातो. आमच्या पोराची गाडी मात्र एकच. नमुनाही तीच, मालही तोच!

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्र्याचे दत्तात्रय लोहार यांचेही असेच. सुमारे 60,000 रुपयांत, भंगारातून, पायाने किक मारून सुरू होणारी गाडी त्यांनी बनविली. डिसेंबर 2021 मध्ये आनंद महिंद्रांनी तिचे कौतुक केले. पण ती नियमांत बसत नाही, अधिकारी कधीतरी अडवतील, हेही सांगितले आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी 2022 मध्ये ती लोहारांच्या दारात आली. सन्मान माणसाचा झाला. गाडीला रस्ता मिळाला नाही. ब्रिटनमध्ये 1998 पासून अशा एकट्या गाडीच्या तपासणीची वेगळी सोय आहे. ब्रेक, दिवे, सुकाणू, इतकेच काय, पत्र्याच्या धारदार कडासुद्धा तेथे पाहतात. अशी वाट आपल्याकडेही असावी, असे मला मनापासून वाटते.

हे सारे मी त्याला सांगितले. पोराचा चेहरा उतरला. "म्हणजे सायबाच्या हातात काहीच नाही?"

"सायबाचं राहू दे. 'बावीस नंबर'वर तुला सही करायची झाली, तर करशील? चैत्रात मांगीरबाबाच्या यात्रेची गर्दी असते, लेकरं आडवी धावतात. त्यांतून तू ही गाडी नेशील?"

तो बराच वेळ गप्प बसला. मग हळूच म्हणाला, "गुरुजी, ब्रेक मारला की जराशी डावीकडं ओढती."

दुसऱ्या दिवशी त्याच्या अंगणावरून गेलो, तेव्हा गाडीची चारही चाके उतरवलेली होती आणि तो ब्रेक उघडून बसला होता. अर्ज मी लिहून ठेवला आहे. परवानगी मिळेल की नाही, हे सरकारच जाणे. पण तारखेची जागा कोरी आहे, आणि ती त्याने स्वतःच भरावयाची आहे.