पुरा गावाचा गोबरगॅस : एका ऊर्जा-संशोधनाचे संचित

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत 1974 साली अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने ‘अस्त्र’ हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा विभाग सुरू झाला आणि त्याच्या संशोधकांनी कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यातील पुरा हे गाव अभ्यासासाठी निवडले. शेण हवाबंद टाकीत कुजवले असता मिथेन हा ज्वलनशील वायू तयार होतो, आणि त्यावर गावाच्या चुली पेटवाव्यात, अशी मूळ योजना होती. परंतु घरोघरच्या स्वयंपाकास पुरेल इतके शेणच जमा होत नसल्याने ती फसली.

या अपयशाचा अर्थ संशोधकांनी गावाकडूनच समजून घेतला, हे या प्रकल्पाचे खरे मोल होय. स्वयंपाकाचे सरपण बहुधा विकत घ्यावे लागत नसे, मात्र पिण्याचे स्वच्छ पाणी ही सर्वांचीच निकड होती. म्हणून 1987 पासून हा वायू थोड्या डिझेलच्या जोडीने इंजिनात जाळून वीज निर्माण केली जाऊ लागली आणि तिच्यावर कूपनलिकेचा पंप व घरांतील दिवे चालू लागले. शेण आणून देणाऱ्यास वजनाप्रमाणे मोबदला मिळे, तर टाकीतून बाहेर पडणारी मळी, म्हणजे वायू निघून गेल्यानंतर उरलेले शेणपाणी, खत म्हणून त्याच्याच शेतात परत जाई. ऊर्जेचे साधन टिकायचे असेल तर यंत्राच्या कार्यक्षमतेइतकाच गरजांचा अग्रक्रम आणि लाभाची न्याय्य वाटणी यांचाही विचार आधी व्हावा लागतो, हा पुराचा धडा आजच्या सौरप्रकल्पांनाही तितकाच लागू पडतो.